दोन उजव्या बाजूंचं जाकीट

मुलांनो, जरा डोळे मिटा. मिटले? आता समोर एक म्हातारा आणा. उंच, काटकुळा, नाकावर चष्मा, कानावर खडूचा तुकडा. एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेला. त्याच्या मांडीवर लाल-हिरव्या चौकड्यांचं कापड आहे, हातात कात्री आहे, आणि चेहऱ्यावर असा भाव आहे की उद्या बारामतीतले सगळे शिंपी दुकानं बंद करून याच्याकडे शिकवणीला येणार! दिसला? तो मी. आता डोळे उघडा, नाहीतर पुढचं वाचणार कसं?

ही गोष्ट एकोणीसशे शहाण्णव सालच्या जानेवारीतली. मला शिवणकामाची आवड होती म्हणून मी कात्री धरली असं तुम्हाला वाटेल. तसं काही नाही. मला हेवा वाटत होता. हेवा म्हणजे काय, हे मी वर्गात सोपं करून सांगायचो: दुसऱ्याच्या ताटातला लाडू आपल्यापेक्षा मोठा दिसणं. माझ्या बाबतीत तो लाडू म्हणजे माझी नात होती, आणि ताट होतं इंदापूरला.

नातीचं नाव प्रियदर्शनी. तिसरीत होती. आम्ही राहायला बारामतीजवळच्या जळोचीत. माझी सून ज्योत्स्ना इंदापूरची, आणि तिची आई द्वारकाबाई, म्हणजे माझी विहीण, तिथं घरच्या पुढच्या खोलीत शिवणाचा क्लास चालवायची. प्रियदर्शनीचं कुठलंही वाक्य 'इंदापूरच्या आजीनं' या दोन शब्दांनी सुरू व्हायचं. इंदापूरच्या आजीनं फ्रॉकला झालर लावली. इंदापूरच्या आजीनं दप्तराला आतून कप्पा दिला. इंदापूरच्या आजीनं बाहुलीला परकर शिवला. गल्लीतल्या बायका तिला थांबवून विचारायच्या, किती छान फ्रॉक गं, कोणी शिवला? ती मान ताठ करून सांगायची.

आता मला सांगा, तिला तीसपर्यंत पाढे कोणी शिकवले? मी. रोज संध्याकाळी नवी गोष्ट कोण सांगायचं? मी. पण रस्त्यात थांबवून कोणी म्हणतं का, किती छान पाढे गं, कोणी शिकवले? पाढ्याला झालर नसते ना!

आणि द्वारकाबाई माझ्याच घरात मला घेरत चालल्या होत्या. उशीचा अभ्रा त्यांचा, रेडिओची खोळ त्यांची, भाजीची पिशवी त्यांची. एकदा वैतागून घाम पुसायला रुमाल काढला, तर कोपऱ्यात गुलाबाचं फूल! तोही इंदापूरचाच.

अशात शाळेतून ते कापड आलं. शाळेच्या मोठ्या बाईंनी कुठल्याशा कॅलेंडरवर परदेशी बँडचं चित्र पाहिलं होतं. त्यातल्या वादकांच्या अंगात म्हणे असे लाल-हिरवे चौकडे. बाईंनी अख्खा ताका आणला, बँडमधल्या प्रत्येक मुलाला सव्वा मीटर कापून दिला आणि सांगितलं की सव्वीस जानेवारीला सगळ्यांनी घरून जाकीट शिवून आणायचं. ज्याचं जाकीट नसेल त्याला रांगेत उभं राहता येणार नाही. प्रियदर्शनीला पहिल्या रांगेतला छोटा ड्रम मिळाला होता.

ज्योत्स्नानं नेहमीप्रमाणे कापडाची घडी पिशवीत घातली. इंदापूरच्या गाडीच्या ओळखीच्या कंडक्टरजवळ दिली की दोन दिवसांत कपडा शिवून परत, अशी आमच्या घरची रीतच होती. मी पिशवीवर हात ठेवला आणि म्हणालो, "हे जाकीट मी शिवणार."

 माझा मुलगा समाधान पेपरात तोंड लपवून हसू लागला. माझी बायको शालन हसलीसुद्धा नाही.

"तुमी?" ती म्हणाली. "तुमच्या सदऱ्याचं बटण तुटलं तर तुमी सदरा बदलता."

मी तिला समजावलं की शिवणकाम म्हणजे दुसरं काही नाही, भूमिती आहे. गळा म्हणजे अर्धवर्तुळ, खांदा म्हणजे तिरकी रेषा, आणि चौकड्याचं कापड म्हणजे तर आलेखाचा कागदच. गिरणीनंच मला चौकोन आखून दिलेत. ज्या माणसानं दीड-दोन हजार पोरांना वर्तुळाचं क्षेत्रफळ शिकवलं, त्याला एक जाकीट जड जाणार आहे का?

प्रियदर्शनी मात्र माझ्याकडे टक लावून बघत होती. "खरंच आबा? मग मी शाळेत सगळ्यांना सांगणार, माझ्या आबांनी शिवलं म्हणून."

मुलांनो, हे वाक्य ऐकायला मी तीन वर्षं थांबलो होतो. त्या क्षणी कोणी मला तंबू शिवायला सांगितला असता तरी मी शिवला असता.

मापं घेतली. छाती चोवीस इंच. आता आपल्याकडे मुलांचे कपडे अंगाबरोबर कोणी शिवत नाही, वाढत्या अंगाचे शिवतात, हे तुम्हाला माहीतच आहे. तुमच्याही शर्टाच्या बाह्या पहिलं वर्षभर दुमडलेल्या असतात की नाही? शालन म्हणाली, दोन बोटं वाढतं धरा, पुष्कळ झालं.

पण माझ्या मनात वेगळाच हिशेब चालू होता. दोन बोटं म्हणजे एक वर्ष. पुढच्या जानेवारीत जाकीट आखूड होणार, पुन्हा कापड इंदापूरला जाणार, पुन्हा तेच. छे! मी पाटी घेतली आणि त्रैराशिक मांडलं. मागच्या वर्षीच्या फ्रॉकची छाती साडेबावीस. म्हणजे एका वर्षात पोरगी दीड इंच वाढली. तर चार वर्षांत किती? सहा इंच. चोवीस आणि सहा तीस. तीस इंची जाकीट शिवलं की सातवीपर्यंत इंदापूरचा रस्ता बंद!

त्रैराशिक फार गुणी आहे, पण ते प्रत्येक ठिकाणी लावायचं नसतं. जन्मल्यावर पहिल्या वर्षात बाळ दहा इंच वाढतं. ते त्रैराशिकानं वाढत गेलं असतं तर माझ्या वयाला पन्नास फूट झालं असतं आणि गावाच्या पाण्याच्या टाकीला पाठ टेकून बसलं असतं. हे मी वर्गात हजारदा सांगितलं होतं. पण हेवा वाटत असला की मास्तर आधी स्वतःचा धडा विसरतो.

जुन्या वर्तमानपत्रावर मी जाकिटाच्या पुढच्या अर्ध्या भागाचा नमुना काढला. इतका सुबक की शालनसुद्धा "बरा हाय" म्हणाली. तो कापडावर ठेवला, खडूनं गिरवला आणि कापला. मग तोच नमुना उचलला, शेजारी तसाच ठेवला, गिरवला आणि कापला. उरलेल्या कापडात तीस इंची पाठ कापली. खाली उरल्या फक्त चिंध्या. कापड इतकं नेमकं संपलं की मी स्वतःची पाठ थोपटली.

माझी चूक तुमच्या लक्षात आली का? नाही? मग एक प्रयोग करा. उजवा हात कागदावर ठेवून गिरवा. आता पुन्हा उजवाच हात शेजारी ठेवून गिरवा. मिळाला डावा हात? नाही ना? नमुना एकदा पालथा करायचा असतो. हे बारा वर्षांच्या पोरालाही कळतं. मला कळलं नाही, कारण त्या वेळी मी कापड बघतच नव्हतो. सव्वीस जानेवारीला द्वारकाबाईंचा चेहरा कसा होईल, ते बघत होतो.

मग मशीन. शालनचं पायाचं मशीन गोधड्या शिवून शिवून दमलेलं होतं. तिनं पाय मारला की ते गुमान पुढं जायचं. मी मारला की अडेल बैलासारखं मागं सरकायचं. चाक उलटं फिरलं की धागा तुटायचा. शालन स्वयंपाकघरातून मोजत होती. "सतरा," असा आवाज आला तेव्हा मी तिला म्हटलं की मोजू नकोस, माझी एकाग्रता जाते. ती म्हणाली की मोजलं न्हाय तर माझं हसू आवरत न्हाय. दोनदा तिनं मदत करू का विचारलं, दोनदा मी नाही म्हणालो. प्रियदर्शनी बॉबीन हातात धरून शेजारी उभी होती, एखाद्या शस्त्रक्रियेला परिचारिका उभी असावी तशी.

सोमवारी संध्याकाळी खांदे जोडून झाले. जाकीट तिच्या अंगात घातलं.

उजवीकडून पाहिलं तर ते जाकीट होतं. डावीकडून पाहिलं तर अपघात. गळ्याचा गोल होता तो बगलेत गेला होता आणि बगलेचा गोल छातीवर आला होता. तो भाग उलटा करून जोडावा, तर कापडाची आतली बाजू धुऊन धुऊन विटलेल्या चादरीसारखी फिकट. आणि तीस इंचांमुळे उरलेलं सगळं तिच्या गुडघ्यांकडे निघालेलं.

प्रियदर्शनीनं आरशात बघितलं. बराच वेळ बघितलं. मग हळूच विचारलं, "आबा, डावा हात कुठून बाहेर काढायचा?"

मी म्हणालो की अजून पूर्ण झालेलं नाही. तिनं जाकीट काढून नीट घडी घातली, ड्रमच्या काड्या घेतल्या आणि दाराच्या पायरीवर जाऊन बसली. काड्या वाजवत नव्हती, नुसत्या धरल्या होत्या. तेव्हा ज्योत्स्नानं मला बाजूला घेऊन सांगितलं की पोरीनं वर्गात आधीच सगळ्यांना सांगून टाकलंय, माझे आबा शिवतायत म्हणून. बाकीच्यांची जाकिटं तयार झालीत. आता चार दिवस राहिलेत, मी आईला कळवू का?

मी म्हणालो, अजिबात नाही!

दुसऱ्या दिवशी बारामतीतली कापडाची दुकानं पालथी घातली. त्या चौकड्याचा ताका शाळेनंच उचलला होता. शाळेत जावं, तर मोठ्या बाईंना कारण काय सांगणार? एका दुकानदारानं सुचवलं की इंदापूरच्या पेठेत बघा, तिकडे असला माल येतो. इंदापूर! साऱ्या पृथ्वीवर त्याला दुसरं गाव सापडलं नाही.

बुधवारी सकाळी मी घरात सांगितलं की एका जुन्या सहकाऱ्याला भेटायला चाललोय. रंग जुळवायला म्हणून जाकीट उसवून त्याचे तुकडे पिशवीत घातले आणि इंदापूरची एस.टी. धरली. ठरलं होतं असं: पेठेत जायचं, कापड घ्यायचं, तोंडाला उपरणं गुंडाळून परत यायचं.

गाडी अंथुर्ण्याला थांबली. आठ-दहा माणसं चढली आणि त्यांच्यामागून, हातात मोठी कात्रीची पेटी घेऊन, द्वारकाबाई! दर बुधवारी पहिल्या गाडीनं जाऊन त्या अंथुर्ण्याच्या बायकांना शिवण शिकवत आणि याच गाडीनं परतत, हे मला माहीत असायला हवं होतं. प्रियदर्शनीनं शंभरदा सांगितलं असेल. पण इंदापूरच्या आजीबद्दलची वाक्यं मी ऐकायचं सोडून दिलं होतं.

गाडीत एकच जागा रिकामी होती. माझ्या शेजारची.

"गुरुजी, तुमी हिकडं कुठं?" असं म्हणत त्या बसल्या. मी जुन्या सहकाऱ्याचं सांगितलं. त्यांनी घरच्या सगळ्यांची चौकशी केली, पोरीचं जाकीट शिवायला का पाठवलं नाही ते विचारलं. मी खिडकीबाहेरचा ऊस फार लक्ष देऊन बघू लागलो. मग त्यांची नजर माझ्या मांडीवर आली.

"पिशवी वळखीची हाय," त्या म्हणाल्या. असणारच, त्यांनीच शिवली होती. "काय हाय त्यात?"

"बटाटे," मी म्हणालो.

एकतीस वर्षं मुलांना खरं बोला म्हणून सांगितलं, आणि ऐन वेळी तोंडातून काय निघालं, तर बटाटे.

द्वारकाबाईंनी पिशवीचा बंद एका करंगळीत अडकवला आणि पिशवी अलगद वर उचलली. "लई हलकं हायत वो. पोकळ निघालं का काय?"

आणि त्यांनी आत हात घातला. एक तुकडा काढला, दुसरा काढला. दोन्ही खिडकीच्या उजेडात धरले. एकावर एक ठेवले. पुन्हा वेगळे केले. शिवणाऱ्या बाईचे डोळे होते ते, डॉक्टरला एक्स-रे कळतो तसं त्यांना कळलं.

"गुरुजी," त्या शांतपणे म्हणाल्या, "ह्ये दोन्ही उजवं हाय." मग पाठ उलगडली. ती आम्हा दोघांच्या मांड्यांवर पसरूनही उरली. "अन् ही पाठ कुणाची? पोरीची का तिच्या ड्रमची?"

पुढच्या बाकावरचे लोक वळून बघायला लागले. निमगाव केतकीपर्यंत अख्ख्या गाडीला कळलं होतं की जळोचीचे गुरुजी जाकीट शिवतात आणि ते दोन्हीकडून उजवं असतं. एका म्हाताऱ्यानं तर मला विचारलं की एकाच पायाचे दोन बूटही करता का.

इंदापूरला उतरल्यावर मी पेठेकडे वळणार, तोच त्यांनी पिशवी स्वतःच्या हातात घेतली आणि घराकडे चालू लागल्या. पिशवी त्यांची, कापड त्यात. मी मागोमाग गेलो.

त्यांनी तुकडे टेबलावर मांडले, हातानं सारखे केले आणि म्हणाल्या की हे वाचतंय. पाठ एवढी अवाढव्य आहे की तिच्यातून डावा पुढचा भाग निघेल. नवी पाठ काळ्या अस्तराच्या कापडाची करू. जाकिटाची पाठ तशीही साधीच असते. मग मान वर करून विचारलं, "पर येवढं वाढतं कशापायी धरलं?"

का कोण जाणे, मला पुन्हा बटाटे म्हणवेना. मी खरं ते सांगून टाकलं. म्हणालो, सातवीपर्यंत तुमच्याकडे कापड यायला नको, म्हणून.

मला वाटलं त्या हसतील, नाहीतर रागावतील. त्यांनी खडू खाली ठेवला.

"गुरुजी, पोरगी सुट्टीला हितं येती. मी नवा फ्रॉक दावते. ती घालती, एक गिरकी घेती. अन् मंग म्हणती, आजी, आबांसारखी गोष्ट सांग की." त्यांनी टेबलावरचा तुकडा पुन्हा हातानं सारखा केला. "मला एक गोष्ट येत न्हाय वो. मी काय सांगू तिला, काजाची गोष्ट? रातच्याला कूस बदलून म्हणती, आमच्या आबांना लई गोष्टी येतात. माझ्या पोटात कात्री चालती."

 त्या खोलीत दोन शहाणीसुरती माणसं होती, आणि दोघंही आठ वर्षांच्या पोरीच्या तोंडच्या एका वाक्यासाठी जळत होती.

व्यवहार द्वारकाबाईंनीच सुचवला. जाकीट त्या नीट करणार, आणि ते मी शिवलं असं म्हणायचं. बदल्यात मी त्यांना एक गोष्ट शिकवायची, प्रियदर्शनीनं आजवर न ऐकलेली. ती त्यांची म्हणायची. मी लगेच हो म्हणालो. शिकवायचं म्हटलं की माझं म्हातारपण पळून जातं!

मी त्यांना सुप्याच्या माळावरच्या पाडसाची गोष्ट दिली. आईवर रुसलेलं एक हरणाचं पाडस सुप्याच्या बाजारात येतं आणि शेळ्यांमध्ये शेळी होऊन उभं राहतं. त्याच बाजारात एक लांडगा कुत्रा होऊन येतो. आणि दोघांनाही एकमेकांचं सोंग ओळखता येतं, पण बोलता येत नाही, कारण जो बोलेल तो स्वतःच पकडला जाणार. त्या टिपा घालता घालता ऐकत होत्या. संपल्यावर मी म्हटलं, आता तुम्ही सांगा.

"एक हरीण हुतं," त्यांनी सुरुवात केली. "छाती सव्वीस."

"द्वारकाबाई, हरणाचं माप नको."

"मंग ते केवढं हाय ते कळायचं कसं?"

 एकतीस वर्षांत इतका रास्त प्रश्न मला कुठल्या विद्यार्थ्यानं विचारला नव्हता. दुसऱ्या वेळी त्या लांडगा विसरल्या आणि पाडस बाजार करून सुखरूप घरी गेलं. तिसऱ्या वेळी लांडगा आला, पण पाडस यायच्या आधीच. मी चिडलो नाही. विद्यार्थी चुकतो तेव्हा तो शिकत असतो, हे माझं जुनं मत. सहाव्या वेळी लांडगा गुरगुरला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

जाकीटही होत आलं होतं. त्या म्हणाल्या, एक तरी बटण तुमी लावा, म्हंजे अगदीच खोटं हुणार न्हाय. मी मांडीवर जाकीट घेऊन चष्मा सावरत बटण लावलं. चांगलं घट्ट लावलं. उठलो, तर जाकीट माझ्याबरोबर उठलं! बटण, जाकीट आणि माझा लेंगा, तिन्ही मी एका धाग्यात गोवली होती. द्वारकाबाईंनी ते उसवून मला पुन्हा लावायला दिलं. त्यांच्यातही एक चांगली शिक्षिका होती, हे मला तेव्हा मान्य करावं लागलं.

घरी आलो. प्रियदर्शनीनं जाकीट घातलं आणि ती उड्या मारायलाच लागली. चौकड्याची रेघ उजवीकडून डावीकडे अशी सरळ गेली होती, जणू मध्ये काज-बटणं नव्हतीच. समाधान बघतच राहिला. शालननं आतली शिलाई बोटानं चाचपली आणि एवढंच म्हणाली की एका दिसात हात लई सुधारला. ज्योत्स्नानं माझ्याकडे बघितलंही नाही, पण तिचे खांदे हलत होते.

आदल्या दिवशी संध्याकाळी द्वारकाबाई कार्यक्रमासाठी मुक्कामाला आल्या. ओसरीवर प्रियदर्शनीला मांडीवर घेऊन त्यांनी गोष्ट सांगितली. मी आत कांदा निवडायचं सोंग करून ऐकत होतो. लांडगा वेळेवर आला. पोरगी आधी घाबरली, मग खदखदून हसली, मग म्हणाली की पुन्हा सांग. मला शिक्षक म्हणून फार आनंद झाला. तो साधारण अर्धा मिनिट टिकला.

सव्वीस तारखेला झेंडावंदन झालं, बँड झाला. पहिल्या रांगेत माझी नात होती, आणि तिचं जाकीट सगळ्यांत उठून दिसत होतं. कार्यक्रम संपल्यावर मोठ्या बाई स्वतः आमच्यापर्यंत आल्या आणि त्यांनी तो प्रश्न विचारला. इतकं सुरेख कोणी शिवलं?

"माझ्या आबांनी!" प्रियदर्शनी म्हणाली. "अख्खं."

माझी छाती त्या वेळी मोजली असती तर नक्की चाळीस भरली असती. मी तिरक्या नजरेनं द्वारकाबाईंकडे पाहिलं. त्या स्वतःच्या हातानं कापलेल्या त्या गळ्याकडे अशा बघत होत्या, जसं कोणी आपलं वासरू दुसऱ्याच्या गोठ्यात बघावं.

तेवढ्यात प्रियदर्शनी पुढे म्हणाली, "आणि माझ्या इंदापूरच्या आजीला एक गोष्ट येते, पाडसाची. इतकी भारी, की आमच्या आबांनासुद्धा तसली येत नाही."

झालं! माझीच गोष्ट, मीच शिकवलेली, आणि मीच जळून खाक. आता द्वारकाबाई ताठ उभ्या होत्या.

याच वेळी दोन अडचणी उभ्या राहिल्या. मोठा ड्रम वाजवणाऱ्या निकिताच्या जाकिटाचा खांदा वाजवता वाजवता उसवला होता, आणि फोटोवाला बँडच्या फोटोसाठी खोळंबला होता. शिवण शिकवणाऱ्या बाई त्या दिवशी रजेवर. शिवाय जिलेबीची पाटी अजून आली नव्हती आणि पहिली ते तिसरीची साठ-सत्तर पोरं व्हरांड्यात गोंधळ घालत होती. मोठ्या बाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, आता काय करावं?

मी द्वारकाबाईंकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. आम्हा दोघांना एकाच क्षणी कळलं की आता काय होणार आहे. एक शब्द बोललो असतो तरी सुटलो असतो. पण बोलायचं म्हणजे ते वाक्य परत द्यायचं. मी ते देणार नव्हतो. त्याही देणार नव्हत्या.

प्रियदर्शनीनं निकिताचं जाकीट घेतलं, माझा हात धरला, मला शिवण वर्गात नेलं आणि मशीनपुढच्या स्टुलावर बसवलं. मग पळत जाऊन तिनं द्वारकाबाईंना हाताला धरून व्हरांड्यात आणलं, खुर्चीवर बसवलं आणि साठ-सत्तर पोरांना तोंडावर बोट ठेवायला लावलं. द्वारकाबाईंना एकच गोष्ट पाठ होती आणि जिलेबी अजून बाजारातच होती. मला एकच बटण येत होतं आणि उसवलेला होता खांदा.

मी मशीनवर पाय ठेवला. चाक मागं फिरलं आणि धागा तुटला. मी हळूच उठून दाराकडे सरकलो.

पण माझ्या आधी प्रियदर्शनी तिथं पोचली होती. "आबा शिवताना कोणी त्रास देऊ नका," असं तिनं बाहेरच्या पोरांना बजावलं, दाराला बाहेरून कडी घातली, आणि इंदापूरच्या आजीची गोष्ट ऐकायला पहिल्या रांगेत जाऊन बसली.